यंत्राची रसिकता

परीक्षणार्थ आमच्याकडे येतात तीं बहुधा पुस्तकें. गेल्या महिन्यांत मात्र बोरिवलीचे एक तरुण इंजिनियर आपली कृति घेऊन आमच्या भेटीस आले, आणि तें पुस्तक नव्हतें. संगणकाच्या किंवा हातांतील फोनच्या पडद्यावर चित्रपट चाळून पाहण्याची ती एक सोय होती. वरच्या बाजूस शोधाची चौकट, खालीं पोस्टरांच्या रांगा, प्रत्येक पोस्टरामागें कथेचा सारांश व नटांचीं नांवें, आणि सर्वांच्या शेवटीं ‘आपल्याला हेंही आवडेल’ अशा मथळ्याखालीं दहा चित्रपट. हे दहा चित्रपट कोणा माणसानें नव्हे, तर कृत्रिम बुद्धिमत्तेनें निवडलेले असतात. आवडनिवड हा समीक्षेचा प्रांत असल्यामुळें ह्या कृतीचें परीक्षण करण्याचा अधिकार आम्हांस आहे, असें आम्ही समजतों.

प्रथम बांधणीविषयीं. चित्रपटांची माहिती कर्त्यानें स्वतः गोळा केलेली नाहीं. जगभरच्या हौशी लोकांनीं भरलेल्या एका सार्वजनिक कोशांतून ती मागविली जाते. हें काम पडद्याआड इतकें चटकन् होतें कीं, पाहणाऱ्यास तें जाणवतही नाहीं. पोस्टरें येईपर्यंत त्यांच्या जागीं करड्या चौकटी दिसतात. शोधाचे शब्द लिहीत असतां प्रत्येक अक्षरागणिक धांवाधांव न होतां हात क्षणभर थांबला कीं मग शोध सुरू होतो. अशा बारीक गोष्टींतच कर्त्याचें सौजन्य दिसून येतें. अंधेरीहून बोरिवलीस लोकलमध्यें उभ्यानें जाणाऱ्यासही एका अंगठ्यानें ही सोय वापरतां येते, हा गुण लहान नव्हे.

आतां निवडीविषयीं. यंत्रानें चित्रपट सुचविण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. पहिली शेजाऱ्याची: ज्यांची आवड आजवर आपल्या आवडीशीं जुळली, त्यांना जें रुचलें तें आपल्यालाही रुचेल, असें मानावयाचें. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत 1997 सालीं ‘मूव्हीलेन्स’ ही सोय ह्याच तत्त्वावर सुरू झाली. पुढें 2006 सालीं नेटफ्लिक्स कंपनीनें 17,770 चित्रपटांना 4,80,189 ग्राहकांनीं दिलेले दहा कोटींहून अधिक गुण विद्वानांपुढें ठेविले आणि आपल्या यंत्राचें भाकीत शेंकडा दहानें सुधारून देणाऱ्यास दहा लाख डॉलरांचें बक्षीस लाविलें. 2009 सालीं सात जणांच्या एका संघानें तें जिंकलें. पण त्यांची संपूर्ण रीत कंपनीनें वापरांत आणलीच नाहीं, कारण वाढलेल्या अचूकतेच्या मानानें तिची खटपट फार होती. दुसरी रीत वर्णनाची: सारांशाचा अर्थ आकड्यांच्या लांबलचक ओळींत मांडावयाचा, आणि ज्यांच्या ओळी एकमेकींजवळ पडतील ते चित्रपट सारखे समजावयाचे. आमच्या तरुण मित्रांनीं दोहोंचें मिश्रण केलें आहे. त्यामुळें ‘पावसाळ्यांत घरीं बसून पाहण्याजोगा हलकाफुलका चित्रपट’ असें साध्या भाषेंत मागतां येतें, आणि चित्रपट हिंदी किंवा इंग्रजी हवा असल्यास उत्तर बहुधा चोख मिळतें.

खरी कसोटी लागली ती त्यांच्या घरीं. आम्ही बोरिवलीस गेलों असतां त्यांच्या आजी शेजारीं येऊन बसल्या आणि नातवास म्हणाल्या, “अरे, तुझ्या यंत्राला म्हणावें, मला ‘कुंकू’सारखा एखादा सिनेमा दाखव.” यंत्रानें लग्नघरांतल्या गमतीचे व मांडवांतल्या गोंधळाचे दहा चित्रपट पुढें केले, त्यांत मराठी एकच. आजींनीं चष्मा काढून पुसला. “ह्याला लग्न तेवढें कळलें,” त्या म्हणाल्या, “नीरा नाहीं कळली.” आम्ही आजवर वाचलेल्या पुष्कळ परीक्षणांत इतकें नेमकें वाक्य नाहीं.

दोष कोठें होता तें मग उलगडून पाहिलें. ‘कुंकू’ हा व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केलेला प्रभातचा 1937 सालचा चित्रपट, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवर आधारलेला. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यांत बांधलेली नीरा तें लग्न मानावयासच नाकारते. शांता आपटे यांनीं उभ्या केलेल्या त्या नकारांत चित्रपटाचें सारें बळ आहे. कोशांत मात्र ‘एका तरुणीचें वृद्धाशीं लग्न होतें’ एवढ्याच अर्थाची एक ओळ होती. त्याच चित्रपटाची हिंदी आवृत्ति ‘दुनिया न माने’ ही तेथें निराळी नोंद. तिला मिळालेले गुण इकडे जमा होत नाहींत. मराठीस गुण देणारे थोडे, म्हणून शेजाऱ्याची रीत लंगडी. वर्णन एका ओळीचें, म्हणून दुसरी रीत आंधळी. ह्यांतून एक दुष्टचक्र सुरू होतें. नोंद तोकडी म्हणून चित्रपट सुचविला जात नाहीं. सुचविला नाहीं म्हणून कोणी पाहत नाहीं. पाहत नाहीं म्हणून नोंद तोकडीच राहते. ज्याविषयीं कोणी बोललें नाहीं तें बोलण्याजोगें नव्हतेंच, असें यंत्र धरून चालतें. मालाडला 1934 सालीं बॉम्बे टॉकीज उभी राहिली, गोरेगांवला 1943 सालीं फिल्मिस्तान; चित्रपटाच्या धंद्याबरोबर वाढलेल्या ह्याच उपनगरांतल्या घरीं आपल्या भाषेचा उत्तम चित्रपट शोधूनही सांपडूं नये, ही गोष्ट आम्हांस लागली.

यंत्राला दोष देऊन मोकळें होणें सोपें होतें. परंतु आमच्या मित्रांनीं नम्रपणें विचारलें, “आपण ‘कुंकू’वर कांहीं लिहिलेलें असेल तर तें मी यंत्राला वाचावयास देईन.” आम्ही आमचीं जुनीं टिपणें काढलीं. त्यांत ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तववादी’, ‘युगप्रवर्तक’ अशीं विशेषणें मुबलक सांपडलीं. नीरा काय करते, कशाला नकार देते, तो वृद्ध शेवटीं कसा बदलतो, हें मात्र कोठेंच नव्हतें. वाचकानें चित्रपट पाहिलाच आहे, असें आम्ही गृहीत धरीत आलों. यंत्राच्या अज्ञानांत आमचा वांटा केवढा आहे, हें तेव्हां प्रथम ध्यानीं आलें.

त्या संध्याकाळीं आम्ही व आजी मिळून तीन परिच्छेद लिहिले. आजी सांगत, आम्ही लिहीत. देवलांच्या 1899 सालच्या ‘शारदे’पासून चालत आलेल्या जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नाला नीरेनें दिलेलें उत्तर, घरांत राहूनच तिनें केलेलें बंड, आणि अखेर वृद्धाचा पश्चात्ताप, हें सर्व त्यांत घातलें. यंत्राला तें देऊन पुन्हां विचारलें तेव्हां पहिलें नांव आलें ‘उंबरठा’, जब्बार पटेल यांचा 1982 सालचा चित्रपट. स्मिता पाटील यांची सुलभा आणि शांता आपटे यांची नीरा यांच्यांत पंचेचाळीस वर्षांचें अंतर आहे. एक घरांत राहून झगडते, दुसरी घर सोडते. पण दोघींचा पीळ एकच. यंत्राला हें कळलें असें आम्ही म्हणणार नाहीं. आजींच्या शब्दांतून तें त्याच्यापर्यंत पोंचलें, इतकेंच. “हा मी पाहिलेला आहे,” आजी म्हणाल्या, “पण पुन्हां पाहीन.”

कर्त्यास आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक शिफारशीखालीं तिचें कारण एका वाक्यांत द्यावें, आणि माहिती अपुरी असेल तेथें तसें स्पष्ट म्हणावें. न जाणणारा सल्लागार पत्करतो, पण जाणत्याचा आव आणणारा नको. दुसरें, एकाच चित्रपटाच्या दोन भाषांतील आवृत्ति एकमेकींशीं जोडाव्या. तिसरें, संभाषण करणारीं हीं नवीं यंत्रें कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या चित्रपटांचीं नांवें बिनदिक्कत सांगतात. म्हणून कोशांत पडताळल्यावांचून एकही नांव पडद्यावर येऊं देऊं नये.

एवढें झाल्यास ही कृति आमच्या वाचकांनीं घरांत अवश्य ठेवावी. मात्र तिच्यापासून रसिकतेची अपेक्षा करण्यापूर्वीं आपल्यापाशीं असलेली रसिकता तिला द्यावी लागेल. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांत ‘कुंकू’, ‘श्यामची आई’ हे चित्रपट आठवून सांगणारीं माणसें आहेत. त्यांच्याजवळ बसून एकेका चित्रपटाचें साधें, विशेषणांवांचून वर्णन लिहून काढावें आणि तें कोशांत घालावें. आम्हीं हें काम आरंभिलें आहे. बोरिवलीच्या आजींनीं पुढच्या रविवारीं यावयास सांगितलें आहे. त्या दिवशीं ‘माणूस’ लिहावयाचा आहे.