राखणदारीला बसवलेली नामावली

शाळेच्या कचेरीतील कपाटात एक जाडजूड जनरल रजिस्टर असते. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस या गोष्टी त्यात एकदाच लिहिल्या जातात. हजेरीपट, परीक्षेची यादी, शाळा सोडल्याचा दाखला या सर्वांना आधार त्या एका रजिस्टरचा. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापल्या वहीत जन्मतारखा लिहून ठेवल्या असत्या तर काय घोळ झाला असता, हे आमच्या शिक्षक वाचकांना सांगायला नको.

जेथे अनेक संगणक आणि अनेक माणसे असतात, तेथेही असेच एक रजिस्टर लागते. त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. आपण नामावली म्हणू. कोण कोणत्या विभागात आहे, त्याचा परवलीचा शब्द काय, हे एका ठिकाणी ठेवायचे आणि इतर सर्व यंत्रांनी तेथे विचारायचे, अशी ही योजना. अलीकडे ही नामावली 'कंटेनर' नावाच्या बंद डब्यातून तयार मिळते आणि 'अर्ध्या तासात उभी करा' अशा थाटाच्या कृती जागोजागी वाचायला मिळतात. या लेखात आम्ही त्या व्यवस्थेचे आणि त्या कृतींचे परीक्षण करणार आहोत. आमचे मत आरंभीच सांगतो. नामावलीची कल्पना चांगली आहे, डब्याचीही चांगली आहे. परंतु त्या ज्या रीतीने शिकवल्या जातात त्या रीतीत कारणे गाळलेली असतात, आणि त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते.

मुळात ती फोनची डायरी

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९८८ साली सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मंडळाने एक्स.५०० नावाचे मानक प्रसिद्ध केले. जगातील माणसांची व संस्थांची एकच वृक्षासारखी नोंदवही असावी, असा तिचा आवाका होता. ती चालवणारी पद्धत मात्र इतकी जड होती की टेबलावरच्या साध्या संगणकांना ती पेलेना. म्हणून टिम हाउज, वेंगयिक यंग आणि स्टीव्ह किल यांनी १९९३ मध्ये तिची हलकी आवृत्ती मांडली. तिचे नाव एलडॅप. त्यातील 'एल' हे अक्षर 'लाइटवेट', म्हणजे हलकी, या शब्दाचे. तिची तिसरी आवृत्ती १९९७ मध्ये आली, आणि २००६ मध्ये तिचे नियम नव्याने लिहून काढले गेले. १९९८ पासून ओपनएलडॅप हा तिचा मुक्त आविष्कार कोणालाही विनामूल्य मिळतो.

यातील प्रत्येक नोंदीचे नाव पाकिटावरच्या पत्त्यासारखे असते. आधी व्यक्ती, मग विभाग, मग संस्था, लहानाकडून मोठ्याकडे. वाचन पुष्कळ आणि लेखन क्वचित, हे गृहीत धरून तिची रचना केलेली आहे. फोनच्या डायरीला हे अगदी शोभते. डायरीने ओळख पटवावी, दारावर बसून आत कोणाला सोडायचे ते ठरवावे, हे काम मात्र तिच्याकडे हळूहळू चालत आले. आमच्या टीकेचे मूळ येथे आहे. माहिती देणे हा डायरीचा स्वभाव, तर माहिती रोखून धरणे हा राखणदाराचा. एकाच व्यक्तीला दोन्ही कामे सांगितली तर तिला कोठे बोलायचे आणि कोठे गप्प बसायचे, हे स्पष्ट सांगावे लागते.

ओपनएलडॅपचेच उदाहरण घ्या. कोणी काय वाचावे याचा एकही नियम लिहिला नसेल, तर तो सर्वांना सर्व काही वाचू देतो. बदल तेवढे मुख्य व्यवस्थापकापुरते राखून ठेवतो. 'सर्व काही' यात परवलीच्या शब्दाचा रकानाही आला. डायरी म्हणून हा उदारपणा ठीक, परंतु राखणदार म्हणून तो घातक आहे. तयार डब्यांपैकी पुष्कळांत हा रकाना झाकणारा नियम घातलेला असतो. पण तो आहे की नाही हे पाहा, असे सांगणाऱ्या कृती आम्हाला थोड्याच आढळल्या.

पीठ आणि मीठ

परवलीचा शब्द नामावलीत जसाच्या तसा ठेवत नाहीत. तो दळून ठेवतात. गव्हाचे पीठ होते, पिठाचा गहू होत नाही. त्याप्रमाणे एका गणिती क्रियेने शब्दाचे असे रूप करतात की त्यावरून मूळ शब्द उलटा काढता येऊ नये. दोन माणसांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येकात निराळे 'मीठ' मिसळतात. मीठ म्हणजे यादृच्छिक अक्षरांचा एक तुकडा.

ओपनएलडॅपमध्ये वेगळे काही सांगितले नाही तर हे दळण मीठ घातलेल्या शा-१ या पद्धतीने होते. शा-१ ही १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत, आणि ती वेगाने चालावी अशीच तिची रचना आहे. येथे नेमका तो वेगच अवगुण ठरतो. ज्याच्या हाती पीठ लागले तो उलटे दळू शकत नसला, तरी लाखो शब्द दळून कोणते पीठ जुळते ते पाहू शकतो, आणि जाते जितके वेगवान तितके त्याचे काम सोपे. म्हणून परवलीच्या शब्दांसाठी मुद्दाम संथ आणि भरपूर स्मृती खाणाऱ्या पद्धती तयार झाल्या. त्यांतील आर्गॉन२ हिने २०१५ मध्ये या विषयावरची खुली स्पर्धा जिंकली, आणि ओपनएलडॅपमध्ये तिच्यासाठी जोडभागही आहे. तो जोडायला दोन-चार ओळी पुरतात. पण त्या ओळी का लिहायच्या हे कळल्याशिवाय त्या कोणी लिहीत नाही.

डब्याचे गुण व दोष

आता डब्याकडे वळू. कंटेनर म्हणजे एखादी आज्ञावली आणि तिला लागणारे सारे साहित्य एकत्र बांधून, यजमान संगणकाच्या एका कप्प्यात स्वतंत्रपणे चालवणे. गाभा, म्हणजे कर्नल, यजमानाचाच असतो; वेगळे भासते ते भोवतालचे घर. २०१३ मध्ये डॉकर ही प्रणाली खुली झाली तेव्हापासून ही रीत घरोघरी पोचली.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हाला या रीतीचे एक मोठे आकर्षण वाटते. सर्व्हर कसा उभा केला ते एका लहानशा फाइलीत लिहिलेले असते, आणि ती फाइल दुसऱ्याला दिली की त्यालाही तेच मिळावे अशी अपेक्षा असते. विज्ञानात ज्याला प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणतात, तीच ही. परंतु बहुतेक कृतींत डब्याच्या नावापुढे 'लेटेस्ट' अशी चिठ्ठी लावलेली असते. आज लेटेस्ट म्हणजे एक वस्तू, सहा महिन्यांनी दुसरीच. 'बाजारात मिळेल ते आम्ल घ्या' असे लिहिलेला प्रयोग आपण विद्यार्थ्याच्या वहीत मान्य करू का? डब्याची नेमकी आवृत्ती लिहिता येते. त्याहून पक्के हवे असेल तर डब्याचा ६४ अंकाक्षरी ठसाही लिहिता येतो. असे असताना 'लेटेस्ट' लिहिणे हा निव्वळ आळस होय.

दुसरा दोष आम्ही स्वतः भोगला आहे. आमच्या विभागात प्रत्येक यंत्रावर वेगळी खाती होती. शिकून गेलेल्यांची खाती वर्षानुवर्षे उघडी राहत. म्हणून एका दुपारी आम्ही एक कृती बरहुकूम पाळून नामावली उभी केली. सारे सुरळीत चालले. काही आठवड्यांनी डब्याची नवी आवृत्ती घ्यावी म्हणून जुना डबा काढून नवा लावला, आणि नामावली कोरी करकरीत निघाली. एकही नाव नाही! डबा थांबवून पुन्हा सुरू केला तर आतील लेखन टिकते. डबा काढून टाकला की तेही जाते. टिकवायची माहिती डब्याबाहेर यजमानाच्या तबकडीवर ठेवून तेवढी जागा डब्याला जोडायची असते. कृतीत ती ओळ 'ऐच्छिक' म्हणून शेवटी दिली होती. आमच्या एका विद्यार्थिनीला त्याच आठवड्यात प्रबंध सादर करायचा होता आणि तिची सारी गणिते त्या यंत्रांवर होती. गणिते जागेवर होती, पण दार उघडणारा तिला ओळखत नव्हता. दोन दिवस आम्ही नावे हाताने भरत बसलो. चूक आमचीच होती. मात्र ज्या ओळीवाचून सारे वाया जाते ती ओळ ऐच्छिक कशी, हा प्रश्न आजही उरतो.

तिसरा दोष अधिक फसवा आहे. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द फाइलीत लिहून डब्याला द्यायचा असतो. अनेक डबे तो पहिल्या सुरुवातीलाच वाचतात आणि नामावलीत कोरून टाकतात. नंतर फाइलीत शब्द बदलला तरी आत जुनाच चालू राहतो. बदल झाला असे आपण समजतो, प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते. काही तयार डब्यांत हा आरंभीचा शब्द जगजाहीर असतो, हे लक्षात घेतले की यातील धोका कळेल.

कोऱ्या शब्दाचा घोटाळा

आता सर्वांत बोधप्रद दोष. एलडॅपच्या नियमांनुसार कोणी आपले नाव सांगितले, पण परवलीचा शब्द कोरा ठेवला, तर त्याचा अर्थ 'ओळख न सांगता आलेला पाहुणा' असा होतो. अशा पाहुण्याला सर्व्हर 'ठीक आहे' असे उत्तर देऊ शकतो. विचारणाऱ्या आज्ञावलीने त्या 'ठीक' चा अर्थ 'ओळख पटली' असा घेतला, तर कोणाचेही नाव आणि कोरा शब्द देऊन कोणीही आत शिरेल! २००६ च्या नियमांत याचा स्पष्ट इशारा आहे. सर्व्हरने अशी विनंती मूलतः नाकारावी आणि विचारणाऱ्याने कोरा शब्द पुढे पाठवूच नये, असे तेथे सांगितले आहे. ओपनएलडॅप ती मूलतः नाकारतो. पण सगळे सर्व्हर ओपनएलडॅप नाहीत आणि सगळ्या आज्ञावल्या सावध नाहीत. येथे दोन्ही बाजू आपापल्या भाषेत बरोबर होत्या, गफलत झाली ती उत्तराच्या अर्थात. परीक्षेत 'चूक नाही' आणि 'बरोबर आहे' यांत जे अंतर, तेच हे.

आमचा मुख्य आक्षेप

वरील दोष काळजी घेतल्यास टळतात. एक आक्षेप मात्र रचनेचाच आहे. या व्यवस्थेत वापरणारा आपला परवलीचा शब्द ज्या सेवेत शिरायचे तिला देतो आणि ती सेवा तो नामावलीपुढे ठेवून पाहते. म्हणजे ग्रंथालयाची सेवा, टपालाची सेवा, गणितयंत्र, अशा प्रत्येकाच्या कानी तुमचा शब्द पडतो. त्यांतील एक जरी फितूर झाली तरी बाकी सर्व दारांची किल्ली गेली. वाटेत कोणी ऐकू नये म्हणून संभाषण कूटबद्ध करता येते आणि ते केलेच पाहिजे. नाही तर साध्या पद्धतीत शब्द तारेवरून उघडाच जातो. पण कूटलेखन वाटेवरच्या चोराला अडवते, घरात बसलेल्याला नव्हे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत घडलेल्या कर्बेरॉस पद्धतीत हा दोष टाळलेला आहे. तेथे सेवेला शब्द मिळतच नाही. मिळते ते मुदतीचे तिकीट. नामावली आणि तिकीटघर वेगळे ठेवणे हीच सुसंगत रचना, असे आमचे मत आहे.

मग लहान संस्थेने काय करावे? नामावली टाकून द्यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सर्वांनी एकच शब्द वापरणे आणि तो फळ्यावर लिहून ठेवणे, यापेक्षा ती कितीतरी बरी. गेलेल्या माणसाचे खाते एका जागी बंद करता येणे हा मोठाच लाभ आहे. आमचा आग्रह इतकाच की कृती संपली म्हणजे काम संपले असे मानू नये. एका संगणकावर, खोटी नावे भरून, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनीही पुढील पाच परीक्षा घ्याव्यात:

१. डबा काढून टाका, नवा लावा. नावे आहेत का?
२. ओळख न सांगता विचारा. परवलीच्या शब्दाचा रकाना दिसतो का?
३. नाव द्या, शब्द कोरा ठेवा. आत प्रवेश मिळतो का?
४. फाइलीत व्यवस्थापकाचा शब्द बदला. जुना अजून चालतो का?
५. नोंदींची प्रत काढून ती दुसऱ्या, रिकाम्या डब्यात भरा. सारे परत येते का?

पहिल्या आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आणि मधल्या तिन्हींचे 'नाही' आले पाहिजे. प्रत्येक परीक्षेपूर्वी उत्तर काय येईल ते वहीत लिहून ठेवावे, आणि अंदाज चुकला तर का चुकला ते शोधावे. कृती पाळून उभा केलेला सर्व्हर आणि समजून उभा केलेला सर्व्हर बाहेरून सारखेच दिसतात. फरक दिसतो तो काही बिघडल्यावर, आणि तेव्हा दाराबाहेर अडकून पडणारे बहुधा ती कृती न वाचलेले कोणीतरी असते.