कात्री पेशीबाहेर असते

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलेल्यांनी २०१९ च्या ‘सायन्स’मधला ऑक्सफर्डचा बीजीएएल१ वरचा शोधनिबंध जरूर वाचावा. जिवाणूच्या कशाभिकेतलं फ्लॅजेलिन झाड ओळखतं, पण ओळखीचा तुकडा आत दडलेला आणि वर साखरेचं आवरण. निकोटियाना बेंथामियाना ही तंबाखूची बहीण पेशीबाहेर बीजीएएल१ हे विकर सोडते; तुकडा सुटायला त्याची मदत होते. मला जास्त आवडलं ते ‘कुठे चालत नाही’ हे दाखवणं: साखरेच्या टोकाला बदललेलं व्हायोसामाइन नसेल तर या कात्रीचा उपयोग नाही. काही जिवाणू तर तिला रोखणारा पदार्थच बनवतात.

पण हेच सूत्र आपल्या धानाला चिकटवू नका. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांध्यांत करपा येतो तो बुरशीमुळे. तिच्याकडे फ्लॅजेलिन नाहीच. तिथे कात्री म्हणजे कायटिनेज, तुकडे कायटिनचे, आणि ते पकडणारा धानाचा ग्राही सीईबीआयपी. बुरशीही कमी नाही, एसएलपी१ हे प्रथिन सोडून ती तेच तुकडे आधी बांधून टाकते.

बरेच प्रबंध मात्र अख्खं पान कुटून कायटिनेज मोजतात आणि ‘वाढलं, म्हणून वाण प्रतिकारक’ असं लिहून मोकळे होतात. कुटल्यावर रिक्तिकेतलं आणि पेशीबाहेरचं विकर एकत्र होतं; मग लढाई कुठे झाली हे कसं कळणार? सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राचा वाण घ्या की दादाजी खोब्रागडेंचा एचएमटी, आधी निर्वाताने पानात बफर भरून, हळू सेंट्रिफ्यूज करून पेशीबाहेरचा द्रव वेगळा काढा. मग जनुक बंद करून लागण वाढते का ते बघा.