डार्बीची भट्टी आणि व्याख्यात्याची कथा

जुन्या कारखान्याच्या पडक्या भिंतींसमोर उभें राहून स्थानिक इतिहास सांगावयाचा, ही व्याख्यानाची एक स्वतंत्र जात आहे, आणि ग्रंथाप्रमाणें तिचेंही परीक्षण व्हावयास हवें. इंग्लंडांत सेव्हर्न नदीच्या खोऱ्यांतील कोलब्रुकडेल येथील लोखंडाच्या भट्टीचेंच उदाहरण घ्या. तिच्याविषयींची ठराविक कथा अशी: १७०९ सालीं अब्राहम डार्बीनें लोणारी कोळशाऐवजीं कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, वापरून लोखंड गाळलें आणि औद्योगिक क्रांतीस आरंभ झाला. टाळ्या पडतात; मंडळी पुढें सरकतात.

आम्हीही हें साल वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों आणि उत्तरपत्रिकेंत तें आढळलें कीं गुण देत आलों. तेव्हां दोष एकट्या व्याख्यात्याचा आहे असें म्हणावयास आम्हांस तोंड नाहीं. ही कथा खोटी नव्हे. पण श्रोत्याच्या मनांत जो प्रश्न उठावयास हवा, तोच ती मारून टाकते. शोध एवढा मोठा, तर इतर कारखानदारांनीं पुढील सुमारें चाळीस वर्षें त्याकडे बहुतांशीं पाठ कां फिरविली?

याचें उत्तर भट्टीपेक्षां स्वयंपाकघरांत शोधावें. त्या काळीं मोठी मागणी असे ती घडीव लोखंडास, आणि कोकवर गाळलेला माल घडाईसाठीं शुद्ध करणें महाग पडे. डार्बीस हवे होते हंडे! वाळूच्या सांच्यांत लोखंडी भांडीं ओतण्याचें पेटंट त्यानें १७०७ सालींच मिळविलें होतें. कोकवरचा रस अधिक प्रवाही, म्हणून सांच्याच्या अरुंद जागेंतही शिरे. भांडें पातळ, म्हणून हलकें. हलकें, म्हणून स्वस्त. शिवाय तेथील कोळशांत गंधक कमी, हें त्याचें दैव. घडाईच्या कामीं कोकचें लोखंड रूढ होऊं लागलें तें त्याच्या मुलाच्या हातून, १७५० नंतर. बाप तर १७१७ सालींच वारला होता. हंड्यापासून आरंभ करणारा व्याख्याता श्रोत्यांतील गृहिणीसही आपल्याबरोबर नेईल.

भट्टीच्या तुळईवर १६३८ हा आंकडा रंगविलेला आहे. जुन्या छायाचित्रांत मात्र तो १६५८ असा दिसतो. ही चूक झांकूं नये, बोट ठेवून दाखवावी. इतिहास कसा ठरतो, हें पाहण्याची अशी संधि पुस्तकांत मिळत नाहीं.

जवळच्या लोखंडी पुलासंबंधीं हेंच म्हणतां येईल. तिसऱ्या अब्राहम डार्बीनें १७७९ सालीं उभारलेल्या या पुलाचा गाळा सुमारें १०० फूट आणि वजन ३७८ टन, हे आंकडे पाठ म्हणून दाखविले जातात. पण त्याचे सांधे पाहावे: एका तुकड्याच्या खांचेंत दुसऱ्याचें टोंक आणि वर पाचर, म्हणजे निव्वळ सुतारकाम. लोखंड नवें, हात जुने. ज्यांचे ते हात, त्यांचीं नांवें कथेंत नाहींत. पूल उभारला जात असतांना एलिआस मार्टिन या स्वीडिश चित्रकारानें काढलेलें चित्र १९९७ सालीं स्टॉकहोम येथें उजेडांत आलें. नदींत उभारलेली लांकडी परांची त्यांत दिसते. तोंवर पूल कसा चढविला याविषयीं नुसते तर्क चालले होते.

या पुलापायीं तिसरा डार्बी कर्जांत बुडाला. नाक्यावरील जकातीच्या फलकावर मात्र सैनिकांस सोडलेलें नाहीं, राजघराण्यासही नाहीं.