हेडसेटमधला गुरू आणि दहा ठिपक्यांचा चंद्र

उद्या वर्गात एखादा मुलगा 'सर, मी काल गुरूजवळ जाऊन आलो' असे सांगू लागला, तर त्याने नेमके काय पाहिले हे आपल्याला ठाऊक हवे. आभासी वास्तवाचे हेडसेट आता काही घरांत आले आहेत. त्यांपैकी 'क्वेस्ट २' हा ऑक्टोबर २०२० मध्ये २९९ डॉलरला विक्रीस आला. २०२४ मध्ये कंपनीने तो मागे घेतला, तरी विकले गेलेले संच वापरात आहेत. एका नातेवाइकाकडे तो मला पाहायला मिळाला.

तत्त्व जुनेच आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदूला खोली भासते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच दाखवले होते. मान वळवताच दृश्यही वळते, ही मात्र नवी भर.

'टायटन्स ऑफ स्पेस' या कार्यक्रमात ग्रह दशलक्षपट लहान करून दाखवले आहेत. म्हणजे पृथ्वी सुमारे १३ मीटरची, चार मजली इमारतीएवढी, आणि गुरू १४० मीटरचा! तो समोर आला तेव्हा मी नकळत मागे सरलो आणि खुर्चीला अडखळलो. फळ्यावर खडूने वर्तुळे काढून इतकी वर्षे शिकवले, पण असा आकार कधी अंगावर आला नव्हता. हे श्रेय या यंत्राला दिलेच पाहिजे.

अंतराचे काय? याच प्रमाणात सूर्य पृथ्वीपासून १५० किलोमीटरवर हवा. खुर्चीत बसून ते कसे जाणवणार? त्यापेक्षा अब्जपट लहान प्रमाण घ्या. मैदानाच्या कडेला १.४ मीटर व्यासाचा सूर्य आखा आणि १३ मिलिमीटरचा मणी घेऊन मुलांना १५० मीटर चालवा. हे काम पायांचेच आहे.

दुसरी उणीव हिशेबाने कळते. प्रत्येक डोळ्यापुढे आडवे १८३२ ठिपके सुमारे ९० अंशांत पसरलेले, म्हणजे अंशाला साधारण २०. चंद्र आकाशात अर्धा अंश दिसतो. म्हणजे खऱ्या मापाचा चंद्र येथे जेमतेम दहा ठिपक्यांचा. साध्या डोळ्यांना दिसणारे त्यावरचे डाग यात नीट उमटणार नाहीत. (वरच्या वर्गांतील मुलांना हे गणित जरूर घाला.)

डोळ्यांवरचा ताणही खरा आहे. जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात आणि डोळ्यातील भिंग फुगते. येथे डोळे वळतात, पण चित्र एकाच ठरावीक अंतरावर स्पष्ट दिसत असल्याने भिंगाला तसेच राहावे लागते. शिवाय बाहुल्यांमधील अंतरासाठी या संचात ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा आहेत. लहान मुलाचे अंतर पट्टीने मोजून पाहा, बहुधा ते पहिल्या खाचेपेक्षाही कमी भरेल. कंपनीने सुरुवातीला १३ वर्षांची अट घातली होती, ती २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली १० वर आणली. मला जुनीच अट बरी वाटते.

घरात संच असेल तर मोठ्या मुलांनी ग्रहांचे आकार पाहायला दहा-पंधरा मिनिटे तो जरूर घालावा, बसूनच. शाळेच्या पैशातून मात्र मी आधी दुर्बीण घेईन. तिच्यातून चंद्रावरची विवरे दिसतात, आणि रांग लावली तर एका संध्याकाळी सारा वर्ग ती पाहून घेतो.