पोस्टिल, पेरणारा आणि पाळकाची तयारी



आजचा विषय आहे प्रवचनाच्या तयारीसाठी पाळकाच्या हाताशी असणारी साधनं. म्हणजे भाष्यं, प्रवचनांचे आराखडे, दृष्टांतांचे संग्रह, आणि कुठल्या रविवारी कोणता उतारा घ्यायचा हे सांगणारे वाचनक्रम. कवितासंग्रहाची समीक्षा होते, नाटकाची होते, पण ही साधनं कुणी तपासत नाही. खरं तर शेकडो लोक दर रविवारी जे ऐकतात, ते यांच्यातूनच येतं.

सुरुवात मार्टिन लूथरपासून करू. १५२१ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहावं लागलं, तेव्हा त्यानं ‘पोस्टिल’ लिहायला घेतलं. पोस्टिल म्हणजे त्या त्या रविवारच्या उताऱ्यावर लिहून ठेवलेलं प्रवचन. कारण व्यावहारिक होतं. खेड्यापाड्यांतल्या अनेक पाळकांना प्रवचन करताच येत नव्हतं. १५२६ च्या ‘जर्मन मिसा’ या पुस्तिकेत लूथरनं सरळ सुचवलं की पोस्टिलमधून वाचून दाखवा. पुढे १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी झाली, आणि तिथलं अज्ञान पाहून त्यानं १५२९ मध्ये लघु प्रश्नोत्तरी काढली.

पण याच लूथरनं १५४० च्या दशकात, दुसऱ्या एका पोस्टिलच्या प्रस्तावनेत, आळशी पाळकांना झोडपलं. ते प्रार्थना करत नाहीत, वाचत नाहीत, नुसते पोपटासारखे बोलतात, असा त्याचा रोख होता. ज्यानं कुबडी बनवली, त्यालाच ती कुबडी चालणाऱ्याचा पाय होऊन बसलेली दिसली. लूथरन परंपरेतला हा पेच पाचशे वर्षांनीही सुटलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, नांदगाव खंडेश्वरला लूथरचं काय? आपल्या भागात लूथरन मंडळ्या नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या सातपुड्यापलीकडे, बैतूल-छिंदवाड्याकडे, स्वीडिश मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. अकोला-अमरावतीत अलायन्स मिशननं काम केलं, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्टांनी. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. पंथ वेगळे असले तरी पाळकाची शनिवारची रात्र सगळीकडे सारखीच. उद्या दोन-तीन गावांत उपासना, घरी आजारपण, आणि हातात परदेशी आराखड्याचं मराठी भाषांतर.

एक उदाहरण घेऊ. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला. बी वाटेवर पडतं, खडकाळ जागी पडतं, काटेरी झुडपांत पडतं, आणि चांगल्या जमिनीत पडलेलं शंभरपट, साठपट, तीसपट पीक देतं. तयार आराखडा याचे चार मुद्दे पाडतो. कठोर मन, उथळ मन, गुंतलेलं मन, चांगलं मन. शेवटी प्रश्न येतो: तुमची जमीन कोणती?

आमचा पहिला आक्षेप असा, की हा आराखडा ऐकणाऱ्याला विचारूच देत नाही. वऱ्हाडातला शेतकरी पहिल्याच वाक्याला अडेल: “यानं बी रस्त्यावर कायले फेकलं?” आपल्याकडे तिफणीच्या चाड्यात मूठ सोडतात, नळीतून दाणा थेट तासात जातो. कपाशी तर एकेक बी टोबून लावतात. बियाण्याचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला हा पेरणारा येडाच वाटणार. चांगलं भाष्य इथे उपयोगी पडतं. ते सांगतं की तिकडे बी हातानं फेकून पेरत, आणि पायवाटा शेतातूनच जात. पेरणीनंतर नांगरत की आधी, यावर अभ्यासकांत वाद आहे, तेही ते लपवत नाही. मग शेतकऱ्याच्या शंकेतूनच दाखल्याचा अर्थ उघडतो: हा पेरणारा जमीन पारखून हात आखडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मृगात पेरलं, पाऊस दडी मारून बसला, दुबार पेरणी करावी लागली, कर्ज वाढलं. असा माणूस समोर बसला आहे. कदाचित ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला, त्या घरची बाई बसली आहे. तिला “तुमची जमीन कोणती” हा प्रश्न कसा ऐकू येईल? पीक गेलं म्हणजे मनच खोटं निघालं, असाच. दाखला वचन ऐकण्याविषयी बोलतो, पिकाच्या उताऱ्यावरून कुणाचा विश्वास मोजत नाही. आराखडा लिहिणाऱ्यानं हे वाईट हेतूनं केलेलं नाही. त्याच्यासमोर ही बाई नव्हती, एवढंच. पण पाळकासमोर ती आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेला हे उमगलं होतं. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तनाला आणि भजनाला मोठं बळ दिलं. चाल बदलली की सांगण्याची रीतही बदलते. कीर्तनकाराला श्रोत्यांकडे बघावंच लागतं.

आणि आपल्या मातीतलं सगळ्यात मोठं उदाहरण तर ख्रिस्ती नाहीच. शेंडगावचे गाडगेबाबा. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा परिपाठ. तो खराटा हीच त्यांची तयारी होती, असं आम्हाला वाटतं. गाव झाडताना कुणाच्या दारात काय आहे ते दिसत असणार. रात्री ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत.

म्हणून काय, पुस्तकं फेकून द्यायची? नाही. भाष्याशिवाय बोलणारा पाळक स्वतःचीच मतं वचनाच्या नावानं खपवतो, तो धोकाही तितकाच मोठा. वाचनक्रमाचाही एक उपकार आहे. तो पाळकाला नावडत्या, अवघड उताऱ्यांसमोर उभं करतो. आमची कसोटी साधी आहे. जे साधन उताऱ्यातली अडचण दाखवतं, ते ठेवावं. जे अडचण झाकून तीन मुद्दे आणि एक गोष्ट हातात देतं, ते शनिवारी रात्री कितीही सोयीचं वाटलं तरी जपून वापरावं. दृष्टांतांचा संग्रह तर शेवटी उघडावा, मंडळीतल्या चार घरी जाऊन आल्यावर. बहुतेक वेळा तोवर त्याची गरज उरत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.