स्वच्छतेचा धडा आणि हातावरचे इसब

शाळेच्या भिंतीवरचा तक्ता असो की आरोग्याची पुस्तिका, त्वचारोगांचा मजकूर बहुधा एकाच वाक्याभोवती फिरतो: अस्वच्छतेमुळे त्वचारोग होतात, म्हणून अंग साबणाने स्वच्छ धुवावे. पिकलेल्या पुळ्यांना हे लागू पडेल. हातावरच्या इसबाच्या बाबतीत मात्र हा सल्ला पुष्कळदा रोग वाढवतो.

असे का, ते पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध द्रव्याने भरलेल्या असतात, विटांमधल्या चुन्यासारख्या. साबण हेच द्रव्य काढून नेतो. शिवाय त्वचेचा सामू सुमारे ५, तर साबणाच्या वडीचा ९ ते १०. (साबणाच्या पाण्यात तांबडा लिटमस बुडवून वर्गात त्याची अल्कता दाखवता येईल.) भिंत अशी खिळखिळी झाली की ओलावा निघून जातो, दाहक पदार्थ आत शिरतात. धुणीभांडी करणाऱ्या बाया, परिचारिका, केशकर्तन करणारे यांना हे इसब जास्त होते ते यामुळे. दिवसभर हात धुणाऱ्यांनाच अस्वच्छ ठरवायचे, हा अजब न्याय आहे!

दुसरी उणीव रोग ओळखण्याबाबतची. खरूज, गजकर्ण, इसब ही नावे एका दमात येतात, जणू सख्खी भावंडे. खरजेचे पुरळ बोटांच्या बेचक्यांत येते, रात्री खाज वाढते आणि घरात इतरांनाही ती होते. हातावरचे गजकर्ण बहुधा एकाच हाताला असते. इसबात बोटांच्या कडांना साबुदाण्याएवढे पाणीदार फोड येतात, किंवा त्वचा जाड होऊन भेगा पडतात. कधी जागाच कारण सांगते: लसणाची ॲलर्जी असेल, तर पाकळी धरणाऱ्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एवढेच फाटते. इसब संसर्गजन्य नाही. तरी अशा मुलाला वेगळे बसवणारा शिक्षक तक्त्यावरचेच ज्ञान अमलात आणत असतो.

गवंड्यांचे इसब तर रसायनशास्त्राच्या तासाला घ्यावे असे आहे. सिमेंटमधल्या षट्‌संयुजी क्रोमियमची ॲलर्जी होते. फेरस सल्फेट मिसळले की त्याचे क्षपण होऊन ते त्रिसंयुजी बनते व त्रास कमी होतो. डेन्मार्कने १९८१ पासून हा उपाय योजला. युरोपीय संघाने २००५ मध्ये त्यावर मर्यादाच घातली.

उपचारांबद्दल पुस्तिका गप्प असतात आणि ती पोकळी दुकानातली ट्यूब भरून काढते. तीत स्टेरॉइड, बुरशीनाशक, प्रतिजैविक असे सारे एकत्र असते. २०१८ साली भारतात अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आली, तरी मागणाऱ्याला ती मिळतात. रोग गजकर्ण निघाला तर स्टेरॉइडने लाली दबते, बुरशी पसरत राहते. शिवाय नियोमायसीनसारख्या प्रतिजैविकाचीच काहींना ॲलर्जी असते.

हात धुणे सोडावे, असे मुळीच नाही. सौम्य साबण घ्यावा, धुतल्यावर हात ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन लावावे, भांडी घासताना रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत. स्टेरॉइड मलम डॉक्टर सांगतील तेच आणि तितकेच दिवस वापरावे. एवढ्याने भागले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ॲलर्जी कशाची ते शोधतात.