‘जेन एअर’मधील बायबलवचने आणि आध्यात्मिक श्रेष्ठत्वाची भाषा

प्रस्तावना :

वादविवादात धर्मग्रंथातील वचन उच्चारले गेले की त्या वादाचे स्वरूपच पालटते. वचन उच्चारणारा माणूस वास्तविक स्वतःचे मत मांडत असतो. परंतु ते मत आता त्याचे एकट्याचे राहत नाही. त्यामागे ग्रंथाचे, परंपरेचे आणि प्रत्यक्ष ईश्वराचे वजन उभे राहते. अशा मताला विरोध करणे म्हणजे ईश्वरालाच विरोध करणे ठरते. परिणामी वक्ता आपोआप उच्चासनावर जातो आणि श्रोता पापी, अश्रद्ध किंवा अज्ञानी ठरतो.

इंग्लंडमध्ये १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतराने सामान्य इंग्रजी माणसाच्या बोलण्यात असंख्य वाक्प्रयोग रुजवले. त्यांच्याबरोबर ही सोयही रुजली आणि इंग्रजी लेखकांनी ती फार लवकर ओळखली. बेन जॉन्सनच्या ‘बार्थोलोम्यू फेअर’ (१६१४) या नाटकातील बिझी हा प्युरिटन जत्रेचा धिक्कार करतो आणि त्याच जत्रेत डुकराचे मांस खाण्यासाठी धार्मिक समर्थनही शोधून काढतो. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) मधील चॅडबँड भरपेट खाऊन अनाथ जोसमोर प्रवचन झोडतो. या दोन्ही पात्रांना वाचक हसतो आणि त्यांना बाजूला सारतो. ढोंगी माणसाचे ढोंग उघडे पडले की प्रश्न मिटला, असा या उपहासाचा सूर आहे.

शार्लट ब्रॉन्टे (१८१६-१८५५) यांची ‘जेन एअर’ (१८४७) ही कादंबरी मात्र हा प्रश्न इतक्या सहज मिटू देत नाही. ब्रॉन्टे स्वतः धर्मोपदेशकाची कन्या. बायबलची भाषा तिच्या निवेदनात सर्वत्र मुरलेली आहे. या कादंबरीत बायबलचा आधार घेऊन बोलणारी तीन महत्त्वाची पात्रे जेनच्या आयुष्यात येतात : लोवुड शाळेचा सूत्रधार ब्रॉकलहर्स्ट, तेथील विद्यार्थिनी हेलन बर्न्स आणि पुढे भेटणारा धर्मोपदेशक सेंट जॉन रिव्हर्स. या तिघांच्या वचनोपयोगातील भेद तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ब्रॉकलहर्स्ट : दुसऱ्याच्या भुकेवरचे वचन

ब्रॉकलहर्स्ट आणि दहा वर्षांची जेन यांची पहिली भेट हीच एक परीक्षा आहे. नरकात जायचे नसेल तर काय करावे लागेल, असे तो विचारतो. प्रकृती चांगली ठेवावी आणि मरू नये, असे जेन उत्तर देते. उत्तर बालिश असले तरी तिचे स्वतःचे आहे. प्रकटीकरण, दानीएल, उत्पत्ती, ईयोब, योना ही पुस्तके आपल्याला आवडतात, असे ती सांगते. स्तोत्रे मात्र रंजक वाटत नाहीत, हेही मोकळेपणाने सांगते. यावर ब्रॉकलहर्स्ट तिला एका लहान मुलाचा दाखला देतो. जिंजरब्रेडचा खाऊ हवा की पाठ करायला स्तोत्रातील एक ओळ हवी, असे विचारले की तो मुलगा ओळ मागतो. मग या धर्मनिष्ठेबद्दल त्याला एकाऐवजी दोन खाऊ मिळतात. मुलाने नेमके काय शिकून घेतले आहे, हे वाचकाच्या ध्यानात येते. ब्रॉकलहर्स्टच्या येत नाही. पवित्र वचनाचा व्यवहारात मोबदला मिळतो, हा धडा त्या मुलाने अचूक गिरवलेला आहे.

लोवुडमधील प्रसंग याहून गंभीर आहे. करपलेली लापशी मुलींना खाता आली नाही म्हणून मिस टेंपल यांनी त्यांना पाव आणि चीज दिले. ब्रॉकलहर्स्ट त्यांना जाब विचारतो आणि मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, या अर्थाच्या सुप्रसिद्ध वचनाचा आधार घेतो. हे वचन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येते. तेथे येशूने चाळीस दिवस उपवास केलेला आहे; दगडांच्या भाकरी कर, असे सैतान त्याला सुचवतो आणि तो या वचनाने नकार देतो. म्हणजे मूळ प्रसंगात वचन उच्चारणारा स्वतः उपाशी आहे आणि ते वचन त्याने स्वतःच्या भुकेला लावलेले आहे. ब्रॉकलहर्स्ट तेच वचन लहान मुलींच्या भुकेला लावतो. विशेष म्हणजे याच अध्यायात पुढे सैतानही स्तोत्रातील वचन उद्धृत करतो. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओ शायलॉकला उद्देशून जो टोमणा मारतो, त्याचे मूळ येथेच आहे. वचन पाठ असणे हा पावित्र्याचा पुरावा नव्हे, हे बायबलनेच सांगून ठेवले आहे.

ब्रॉकलहर्स्टचे दुसरे वचन अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. माझ्यासाठी भूक व तहान सोसाल तर तुम्ही धन्य, अशा आशयाचे वाक्य तो येशूच्या तोंडी घालतो. या रूपात असे वचन शुभवर्तमानात नाही. डोंगरावरील प्रवचनात नीतिमत्त्वाची भूक-तहान असणाऱ्यांना धन्य म्हटले आहे आणि येशूमुळे छळ सोसणाऱ्यांनाही धन्य म्हटले आहे. ब्रॉकलहर्स्ट या दोन वचनांना जोडून तिसरेच वाक्य तयार करतो आणि त्यात नीतिमत्त्वाच्या भुकेची जागा पोटाची भूक घेते. शाळेच्या खर्चात काटकसर करण्यासाठी या शिवणकामाचा उपयोग होतो. सभ्य, घरंदाज उच्चारात म्हटलेले असे वाक्य कोणी ग्रंथ उघडून तपासून पाहत नाही, या गृहीतकावर त्याचा सारा अधिकार उभा आहे.

त्यानंतरचा प्रसंग सर्वश्रुत आहे. एका मुलीचे नैसर्गिक कुरळे केस कापण्याचा हुकूम तो देतो आणि तेवढ्यात त्याची पत्नी व मुली मखमल, रेशीम आणि फर ल्यालेल्या आत येतात. पत्नीच्या कपाळावर तर कृत्रिम कुरळ्या केसांची झालर असते. पुढे स्टुलावर उभ्या केलेल्या जेनची तुलना तो ब्रह्माची प्रार्थना करणाऱ्या आणि जगन्नाथापुढे गुडघे टेकणाऱ्या बालकांशी करतो; ही मुलगी त्यांच्याहूनही वाईट, कारण ती खोटारडी आहे, असे तो जाहीर करतो. या एका वाक्यात एक लहान मुलगी आणि एक दूरचा देश असे दोघेही खालच्या पायरीवर ढकलले जातात. आपली उंची सिद्ध करण्यासाठी त्याला सतत कोणीतरी खाली असावे लागते.

या चित्रणामागे वास्तव होते. विल्यम कॅरस विल्सन यांनी १८२४ मध्ये काउअन ब्रिज येथे स्थापन केलेल्या शाळेत ब्रॉन्टे भगिनी शिकत होत्या. मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या दोघी तेथून आजारी होऊन परतल्या आणि १८२५ मध्ये क्षयाने मरण पावल्या. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ब्रॉन्टेचरित्रानंतर (१८५७) या शाळेविषयी जाहीर वादही झाला.

हेलन बर्न्स : स्वतःला लावलेले वचन

ब्रॉन्टेला बायबलचीच चीड होती, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. एलिझाबेथ रिग्बी यांनी डिसेंबर १८४८ च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये या कादंबरीवर ख्रिस्तविरोधी असल्याचा ठपका ठेवला; परंतु स्वतःला नीतिमान समजणे आणि धर्म या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ब्रॉन्टेने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच स्पष्ट केले होते. कादंबरीत याचा पुरावा म्हणजे हेलन बर्न्स.

हेलनही बायबलचाच आधार घेते. वाइटाची परतफेड चांगल्याने करावी, शत्रूवर प्रेम करावे, नवा करार वाचावा, असे तीही जेनला सांगते. शब्द त्याच ग्रंथाचे, तरी परिणाम पूर्ण वेगळा होतो. याची कारणे प्रसंगाच्या रचनेत आहेत. हेलनने छडीचा मार नुकताच खाल्लेला आहे; म्हणजे सहनशीलतेचे वचन ती प्रथम स्वतःच्या वेदनेला लावते. आपण अव्यवस्थित आहोत, निष्काळजी आहोत, नियम विसरतो, हे ती आपण होऊन कबूल करते. जेन मिसेस रीडविषयीची सारी कटुता ओकून टाकते तेव्हा हेलन ती शेवटपर्यंत ऐकून घेते. जेनला तिचे म्हणणे पटत नाही आणि न पटताही मैत्री टिकते. हेलनच्या वचनानंतर जेनला बोलता येते, प्रश्न विचारता येतात, असहमत राहता येते. ब्रॉकलहर्स्टच्या वचनानंतर केवळ शांतता उरते.

सेंट जॉन : प्रामाणिक माणसाची सत्ता

येथवर वचनाचा खरा उपयोग आणि खोटा उपयोग अशी सोपी विभागणी शक्य होती. सेंट जॉन रिव्हर्सच्या आगमनाने ती मोडते. तो ढोंगी नाही. उपदेश केलेला त्याग तो स्वतः करतो, आवडत्या स्त्रीचा मोह बाजूला ठेवतो, मिशनरी म्हणून भारतात जाण्याची तयारी करतो आणि अखेर जातोही. त्यासाठी जेनला तो हिंदुस्थानी शिकायला लावतो. तरीही त्याच्या तोंडची वचने जेनला ब्रॉकलहर्स्टच्या वचनांहून अधिक धोकादायक ठरतात.

जेनने आपल्याशी विवाह करून भारतात यावे, असा त्याचा आग्रह आहे. ही मागणी आपल्या सुखासाठी नसून आपल्या प्रभूच्या सेवेसाठी आहे, असे तो सांगतो. बहीण म्हणून येण्यास जेन तयार असते. ते त्याला मान्य नाही. नकार दिलास तर विश्वास नाकारणाऱ्या आणि अविश्वासूंहून वाईट ठरणाऱ्या लोकांत तुझी गणना होईल, असा इशारा तो देतो. हे शब्द तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील आहेत. मूळ वचन मात्र आपल्या घरच्या माणसांची तरतूद न करणाऱ्या व्यक्तीविषयी आहे. विवाहास नकार देणाऱ्या स्त्रीशी त्याचा काहीही संबंध नाही. जेनने तर आपल्याला मिळालेला वारसा नुकताच सेंट जॉन आणि त्याच्या बहिणींसह चौघांत समान वाटलेला आहे. मूळ अर्थाने पाहिल्यास हे वचन तिच्या बाजूने साक्ष देते.

सायंप्रार्थनेच्या वेळी तो प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय वाचतो आणि भित्र्या व अविश्वासू लोकांच्या वाट्याला येणाऱ्या अग्निसरोवराचे वर्णन जेनला ऐकवतो. प्रार्थनेत उलट बोलता येत नाही. खाजगी वादातील आपली बाजू त्याने उपासनेत नेऊन ठेवली आहे. शेवटी चिठ्ठीतून तो जेनला जागृत राहून प्रार्थना करण्यास सांगतो आणि आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त असल्याची आठवण देतो. गेथशेमाने बागेत हे वचन आले आहे ते झोपी गेलेल्या थकलेल्या शिष्यांविषयी. त्यात समजुतीचा ओलावा आहे. सेंट जॉनच्या लेखणीतून ते दोषारोप होऊन उतरते.

येथे जेनचे मनोमन दिलेले उत्तर या कादंबरीतील वचनचर्चेचा कळस आहे. ती बायबल नाकारत नाही. तेच वचन उचलते आणि आपल्या अर्थाने पूर्ण करते. आपला आत्मा योग्य ते करण्यास उत्सुक आहे आणि ईश्वराची इच्छा स्पष्ट कळली की ती पार पाडण्याइतका देहही समर्थ असेल, असे ती स्वतःला सांगते. ईश्वराची इच्छा ‘आपल्याला’ कळली पाहिजे, ही तिची अट आहे. सेंट जॉनला कळलेली इच्छा तिला पुरेशी वाटत नाही.

मराठी वाचक अशा वर्तनाला सहसा ‘दंभ’ म्हणतो. ब्रॉकलहर्स्टला तो शब्द चपखल बसतो, सेंट जॉनला बसत नाही. या ठिकाणी गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांचा क्रम उपयोगी पडतो. तेथे अमानित्व आधी येते आणि अदंभित्व नंतर. ज्ञानदेवांनी दोहोंचे विवरण स्वतंत्रपणे केले आहे. ढोंग नसणे वेगळे आणि मोठेपणाची आस नसणे वेगळे. सेंट जॉनजवळ अदंभित्व आहे, अमानित्व नाही. आपण मूलतः थंड, कठोर आणि महत्त्वाकांक्षी आहोत, हे तो जेनजवळ मान्यही करतो. त्याची महत्त्वाकांक्षा धर्माच्या शब्दांत बोलू लागली, म्हणून ती ओळखणे अवघड झाले.

कादंबरीचा शेवट सेंट जॉनच्या पत्राने होतो, ही बाब अनेक समीक्षकांना अस्वस्थ करते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात या शेवटाचा संबंध साम्राज्यवादी धर्मप्रसाराशी जोडला आहे. तो जोडणे योग्यच आहे. भारतातील माणसे या कादंबरीत केवळ त्याच्या कार्याचे साधन म्हणून येतात. तथापि वचनोपयोगाच्या अंगाने पाहता या पत्रात एक बदल दिसतो. मृत्यू जवळ आल्याचे ओळखून सेंट जॉन प्रकटीकरणाच्या अखेरच्या अध्यायातील प्रार्थना उच्चारतो. या वेळी त्याच्यासमोर वाकवण्यासाठी कोणी नाही. वचन त्याने स्वतःच्या मरणाला लावले आहे, आणि जेनला ते वाचून अश्रू येतात.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, धर्मवचनाचा चर्चेतील उपयोग पारखताना वक्ता प्रामाणिक आहे की ढोंगी, एवढा एकच प्रश्न पुरत नाही. वचनाचा भार प्रथम कोणाच्या खांद्यावर पडतो, मूळ संदर्भात ते कोणाला उद्देशून होते आणि ते उच्चारल्यावर समोरच्याला उत्तर देण्यास जागा उरते का, हेही विचारावे लागते. ब्रॉकलहर्स्ट तिन्ही कसोट्यांवर उणा ठरतो. हेलन उतरते. सेंट जॉन पहिल्या कसोटीवर बऱ्याच अंशी उतरूनही उरलेल्या दोन्हींवर हरतो, आणि म्हणूनच तो अधिक अभ्यसनीय आहे.

लोवुड ही एक शिक्षणसंस्था आहे, हेही विसरता येत नाही. त्यागाची, सेवेची, साधेपणाची वचने शिक्षणसंस्थांच्या व्यासपीठावरून आजही ऐकू येतात. ग्रंथ निराळे असतील, पद्धत तीच असते. ही कादंबरी वर्गात शिकवताना मिस टेंपल यांच्याकडे लक्ष वेधणे म्हणूनच आवश्यक वाटते. ब्रॉकलहर्स्ट वचने ऐकवत असताना त्या एकही वचन उच्चारत नाहीत. मुली उपाशी होत्या म्हणून त्यांनी पाव आणि चीज दिले होते, आणि त्याची जबाबदारी आपली आहे, एवढेच त्यांनी सांगितले होते.